दुसरा खर्डा

बारावीचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडची नावे महाराष्ट्रभर घेतली जातात. दूरदूरची मुले इथे खोली करून राहतात, मेसचा डबा खातात आणि ‘नीट’ची तयारी करतात. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलेल्याला एक वजा. दोन वर्षे हातातले पेन मुख्यतः गोल काळे करण्यासाठी चालते. त्यातली काही मुले मेडिकलला जातात. उरलेल्यांतली बरीचशी बी.एस्सी. किंवा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला येतात आणि तिथल्या लेखन कौशल्याच्या तासाला त्यांना सांगितले जाते, ‘एक पान लिहून आणा.’ चार पर्यायांतून एक निवडण्यात तरबेज झालेल्या मुलापुढे अचानक पर्यायच उरत नाहीत.

अशा अभ्यासक्रमांना आता विद्यापीठांत जागा मिळाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने भाषिक क्षमता आणि कौशल्याच्या विषयांना स्वतंत्र श्रेयांक दिले. नोकरीच्या वाटेवरही लेखन येऊन उभे आहे. एमपीएससीने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचे ठरवले, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला उमेदवार पुण्यात रस्त्यावर उतरले आणि बदल २०२५ पर्यंत पुढे गेला. नव्या रचनेत एकट्या निबंधाच्या पेपरला २५० गुण आहेत. मुलांची भीती मला खोटी वाटत नाही. ज्यांच्याकडून वर्षानुवर्षे कोणी परिच्छेदभर लिहून घेतले नाही, त्यांना एकदम तीन तास लिहायला बसवले तर ती घाबरणारच.

लिहिणे शिकता येते का, आणि येत असेल तर नेमके कसे? समजा, लातुरातल्या एका वर्गात विषय दिला, ‘पाणी’. पहिल्या खेपेला बहुतेक वह्यांत तेच येते: पाणी म्हणजे जीवन, पाण्याचा प्रत्येक थेंब वाचवला पाहिजे, पृथ्वीचा इतका भाग पाण्याने व्यापला आहे. शुद्धलेखन बरे, अक्षर चांगले, आणि लिहिणाऱ्याचा मागमूस नाही. गंमत अशी नव्हे, दुःख असे की ही मुले लातूरची आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर होते. आज पदवीच्या पहिल्या वर्षाला बसलेली मुले तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. रात्री टँकरला नंबर लावायला, कळशा राखत बसायला यांनाच पाठवले जायचे. ते सगळे डोक्यात आहे आणि वहीत मात्र गाईडमधले वाक्य आहे.

इथे शिक्षकाचे काम सुरू होते. समासात ‘छान’ किंवा ‘सुधारणा हवी’ लिहून मुलाला काहीच मिळत नाही. ‘तुमच्या घरी तेव्हा पाणी कुठून यायचे? कोण आणायचे?’ एवढा एक प्रश्न लिहून वही परत दिली की दुसरा खर्डा वेगळा येतो. त्यात आई येते, गल्लीतले भांडण येते, टँकर आला म्हणून अर्धवट सोडलेला गृहपाठ येतो. भाषाही बदलते. ‘आई रात्रीची नंबर लावायली’ असे घरचे बोलणे कागदावर उतरते, आणि मग ते मूल स्वतःच घाबरून खोडते. माझ्या मते ते खोडू देऊ नये. संवादात ते राहिले पाहिजे. निवेदनात प्रमाण मराठी वापरावी की नाही, हे मुलाने कारण देऊन ठरवावे. हा निर्णय स्वतः घेणे हा लेखनातला मोठा टप्पा आहे, कारण तिथे पहिल्यांदा आपण कुणासाठी लिहितो आहोत याचा विचार होतो.

तिसऱ्या खेपेला कामाचे स्वरूप पुन्हा बदलते. आता पडताळणी. रेल्वे कोणत्या महिन्यात आली? धरण का आटले, फक्त पाऊस कमी पडला म्हणून, की उसाच्या पाण्याचाही त्यात वाटा होता? मूल ग्रंथालयात जाते, जुने अंक काढते, आजोबांना विचारते. स्वतःची आठवण आणि बाहेरची माहिती एकमेकींना तपासू लागतात. त्यातून ‘पाणी म्हणजे जीवन’ आपोआप गळते. ते वाक्य वाईट म्हणून नव्हे, त्याची गरज उरत नाही म्हणून.

नांदेडला ही गोष्ट नवी नाही. १९५० साली स्थापन झालेल्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर मराठी शिकवत आणि पुढे तिथेच प्राचार्य झाले. हे कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाले होते. शाळेत मास्तरकी करत त्यांनी पदव्या उशिराने मिळवल्या. दरम्यान वाचन, वाद आणि लेखन अखंड चालू होते. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलेले त्यांचे दीर्घ पत्र आजही आवर्जून वाचावे. एका लेखकाने दुसऱ्याच्या विषयात शिरून, प्रश्न उभे करून, आदराने आणि निर्भीडपणे कसे बोलावे याचा तो वस्तुपाठ आहे. विद्यार्थ्याच्या वहीलाही अशाच गांभीर्याने वाचणारा कुणीतरी लागतो. १९८२ मध्ये, पन्नाशीच्या आतच कुरुंदकर गेले. विचार करायला शिकवणारा शिक्षक म्हणून मराठवाडा त्यांचे नाव अजून घेतो.

अडचणी खऱ्या आहेत. वर्गात मुले फार आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकांना वह्या तपासण्याचा मोबदला नाही. शंभर मुलांचे तीन खर्डे म्हणजे तीनशे कागद. म्हणून बहुतेक ठिकाणी हा विषय ‘पत्रलेखनाचे प्रकार’, ‘उत्तम निबंधाचे गुण’ अशा टिपणांत संपतो आणि लेखनाच्या विषयाचीच मुले पाठांतर करून परीक्षा देतात. हे थांबवता येते. मुलांनी एकमेकांचे खर्डे आधी वाचावेत, शिक्षकाने दर आठवड्याला एकाच गटाचे पाहावेत, गुण पहिल्या खर्ड्याऐवजी शेवटच्याला द्यावेत.

आणि लातूरला तर ही पद्धत परकी असूच नये. लातूर पॅटर्न उभा राहिला तो सततच्या सरावावर आणि चुका शोधून पुन्हा सोडवून घेण्यावर. तो घडवणाऱ्यांत राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे होते. ते स्वतः इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर मराठीत लिहिणारे अभ्यासक, आणि १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. भौतिकशास्त्राच्या गणितासाठी जी चिकाटी या शहराने दाखवली, तीच परिच्छेदासाठी दाखवायची आहे.

नांदेड-लातूरच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: या सत्रात निदान एक निबंध प्रश्न विचारून परत द्या आणि पुन्हा लिहून घ्या. त्यातले चांगले निबंध महाविद्यालयाच्या वार्षिकांकात छापा. पालकांनीही मुलाला किती गुण पडले हे विचारून झाल्यावर त्याने काय लिहिले ते एकदा वाचायला मागावे.