डावखुरं म्हणून कौतुक झालेलं बाळ

काविळीबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, ते आज नाही. मधेच एक पत्र आलं आणि ते बाजूला ठेवणं जमेना. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका आशाताईंचं आहे. त्या लिहितात, बाळ पाच महिन्यांचं, पूर्ण दिवसांचं, वजन चांगलं, जन्मताच रडलेलं. अंगावर नीट पितं, हसतं, माणसं ओळखतं. फक्त जे काही घ्यायचं ते डाव्या हाताने घेतं. आजी म्हणते, आजोबांवर गेलंय, डावखुरं होणार. हे नोंदवायचं का?

ताई, नोंदवाच. आणि नोंदवून थांबू नका.

वर्षाच्या आतलं बाळ डावखुरंही नसतं आणि उजवंही नसतं. समोरची वस्तू ज्या हाताला जवळ, त्या हाताने ते घेतं. कुठला हात पुढे करायचा ही सवय पुढे हळूहळू पक्की होते. त्यामुळे पाच महिन्यांचं बाळ सारखा एकच हात वापरत असेल, तर त्या चलाख हाताचं कौतुक बाजूला ठेवून दुसरा हात काय करतोय ते बघायचं. अंगठा आत दाबून मूठ मिटलेली आहे का? कोपर अंगाशी धरलेलं आहे का? झबलं बदलताना तो हात बाहीतून काढायला जड जातो का?

अर्ध्या अंगाच्या सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे सी.पी.ची, ओळख बहुतेक वेळा अशीच पटते. बऱ्याचदा बाळंतपणाच्या आसपास मेंदूच्या एका बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते आणि तेवढ्या भागाला इजा होते. डाव्या मेंदूला झाली तर उजवा हात मागे पडतो. यात बाळंतीण कुठे पडलेली नसते, तिने काही वावगं खाल्लेलं नसतं. पहिले तीन महिने सगळीच बाळं बराच वेळ मुठी मिटून असतात, म्हणून तेव्हा फारसं काही दिसत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ मुद्दाम हात पुढे करायला लागतं, आणि मग फरक उघडा पडतो. जन्मापासूनच एक हात लुळा असेल तर प्रकरण वेगळं. तिथे खांद्याच्या शिरा ताणल्या गेल्या आहेत का, तेही डॉक्टरांना बघावं लागतं.

मनोविश्लेषणवाला फ्रॉइड याच मुलांवर आधी काम करून गेलाय, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. व्हिएन्नातल्या मुलांच्या दवाखान्यात तो मज्जातंतूंचे रुग्ण बघायचा. १८९१ मध्ये ऑस्कर री या सहकाऱ्याबरोबर त्याने मुलांच्या अर्धांगवायूवर ग्रंथ लिहिला. स्वप्नांचा नाद नंतरचा.

आता आपल्याकडची अडचण. कमी वजनाच्या, काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळांवर कुणाचा तरी डोळा असतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरींनी १९८७ ते १९८९ मध्ये अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत केला. पत्रातलं बाळ मात्र कुठल्याच यादीत नाही. ते धडधाकट जन्मलं, हीच त्याची अडचण.

त्यात वेळापत्रक बघा. चौदाव्या आठवड्याची लस झाली की पुढची थेट नवव्या महिन्यात. मधल्या जवळपास पावणेसहा महिन्यांत, नेमकी लक्षणं वर येतात तेव्हा, बाळाला दवाखान्यात न्यायला सुईचं निमित्त नाही. आशाताईची ४२ दिवसांपर्यंतची फेरी संपलेली असते. पुढे तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात ती येते, तेवढंच. ऊसतोडीच्या कोपीवर जन्मलेलं बाळ तोवर कारखान्याचा पट्टा पडल्यावर गावीही गेलेलं असतं.

म्हणून माझी भिस्त उष्टावणावर! सहाव्या महिन्यात बाळ मामाच्या मांडीवर असतं, सगळं गणगोत जमलेलं असतं. काही घरी पुढ्यात वही, पेन, पैसे मांडतात आणि पोर काय उचलतं यावर पैजा लागतात. काय उचललं ते राहू द्या, कुठल्या हाताने उचललं ते बघा. मग वाटी-चमचा बरोबर मधोमध धरा. तोच हात आला, तर तो हलकेच धरून ठेवा आणि पुन्हा चमचा दाखवा. एरवीचं बाळ दुसरा हात पुढे करतं. ज्याचा हात अडलेला आहे ते तोंडच पुढे आणतं, चिडतं, किंवा धरलेला हात सोडवायला झटतं. हे दोन-तीन दिवस, बाळ जागं आणि पोट भरलेलं असताना करून बघा. एकदा करून निकाल लावू नका.

कौतुकात लपलेलं आणखी एक लक्षण सांगतोच. 'आमचं दणकट आहे, तिसऱ्या महिन्यात पायावर उभं राहतं.' अशा बाळाला उताणं निजवून दोन्ही हात धरून सावकाश उठवा. चार-पाच महिन्यांचं बाळ मान सावरत बसतं व्हायला बघतं. ताठर बाळ बसत नाही, फळीसारखं थेट उभंच राहतं, टाचा वर, पाय एकमेकांवर कात्रीगत. लंगोट बांधताना मांड्या फाकत नाहीत, हे तर न्हाऊ घालणाऱ्या बाईला आपल्या आधी कळलेलं असतं. तिला कुणी विचारत नाही इतकंच. आणि अशा बाळाला पांगुळगाड्याची घाई अजिबात नको.

यातलं एखादं लक्षण निरोगी बाळातही सापडतं. सी.पी. हजारात दोन-तीन मुलांना असते, तेव्हा घरात रडारड नको. पण वाट बघत बसणंही नको. जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर, जे सरकारी रुग्णालय जवळ असेल तिथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना विचारा. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेली ही योजना विकासातला उशीरही तपासते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण तोवर थांबायचं कारण नाही. रुग्णालयात गेल्यावर 'बाळ अशक्त वाटतं' असं मोघम सांगू नका. 'उजवा हात पुढे करत नाही, मूठ उघडत नाही, कधीपासून ते असं' एवढं नेमकं सांगा आणि मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण दाखवा. परक्या माणसासमोर बाळ हमखास रडतं आणि तपासणी तिथेच अडते.

डॉक्टर नाव पक्कं करायला वेळ घेतील. मेंदूचा फोटो सांगतील, पुण्याला पाठवतील. हाताचे व्यायाम मात्र नाव पक्कं होण्याआधी सुरू करता येतात. ते कुणाकडून तरी नीट शिकून घ्यावेत. जोर लावून मूठ उघडणं, हात पिरगाळून चोळणं हे त्यात बसत नाही.

आणि ताई, बाळ कमी दिवसांचं असेल तर हे सगळे महिने मूळ तारखेपासून मोजा. आठ आठवडे आधी आलेलं पाच महिन्यांचं बाळ या हिशेबाने तीनच महिन्यांचं. काविळीचं पुढच्या आठवड्यात बघू. नाकाचा शेंडा दाबून पिवळेपणा कसा बघायचा, इथपासून.