मूल होत नाही, तेव्हा बोट फक्त तिच्याकडेच का?

लग्नाला दीड-दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की पहिला प्रश्न सुनेला विचारला जातो. मग उपास, अंगारे-धुपारे, कुठल्या तरी बाबाचा पत्ता आणि शेवटी मुलाला 'दुसरं लग्न कर' असा सल्ला. आपल्या वस्त्याही याला अपवाद नाहीत. कर्मकांड सोडलेल्या घरांतही 'वांझ' हा शब्द अजून जिवंत आहे. म्हणूनच स्त्रीच्या प्रजननक्षमतेवर रोजच्या जगण्याचा काय परिणाम होतो, हे तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतलं पाहिजे.

वंध्यत्व कशाला म्हणायचं?

कोणतंही गर्भनिरोधक न वापरता १२ महिने नियमित संबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही, तर वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण दर सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. यात स्त्रिया आहेत, तसेच पुरुषही आहेत. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषातही काही कारण सापडतं. वीर्य तपासणी सोपी आणि स्वस्त आहे. तरीही बाईच्या चार-चार सोनोग्राफी होतात आणि नवरा एकदाही तपासणीला जात नाही, हे आम्हाला कामात सतत दिसतं.

वजन आणि ताट

पाळीचं चक्र मेंदूतून निघणाऱ्या संप्रेरकांवर चालतं. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसेल, तर मेंदू हे काम मंद करतो. बीजांड तयार होत नाही, पाळी लांबते किंवा थांबते. उलट वजन फार वाढलं तरी संप्रेरकांचा तोल बिघडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या साधारण दर पाच स्त्रियांत एक कमी वजनाची आणि एकीहून थोड्या अधिक जास्त वजनाच्या आढळल्या. निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी होतं. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई आणि वडापाव-चहावर दिवस काढणारी कामगार मुलगी, दोघी या आकड्यांत आहेत.

पीसीओएस हा विकारही वजनाशी जोडलेला आहे. त्यात पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर केस आणि मुरमं येतात. जगभरात १०० पैकी ८ ते १३ स्त्रियांना तो असतो आणि बहुतेकींना ते ठाऊकच नसतं. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के कमी केल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. त्यासाठी महागड्या पावडरी लागत नाहीत. रोजचं चालणं, ताटात डाळ, कडधान्यं, अंडी, पालेभाज्या आणि साखर-मैदा कमी, एवढं पुरतं.

मिश्री, तंबाखू, दारू

सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांत बीजांडांचा साठा लवकर संपतो आणि पाळी एक ते चार वर्षं आधी बंद होऊ शकते. आपल्याकडे बाया सिगारेट कमी ओढतात, पण मिश्री लावतात, तंबाखू खातात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने दात स्वच्छ होतात हा गैरसमज आहे. गरोदरपणात तिचा बाळाच्या वजनावरही वाईट परिणाम होतो. नवऱ्याचा गुटखा आणि दारू त्याच्या शुक्राणूंना मारक ठरतात.

अंगावर काढलेला आजार

अंगावरून दुर्गंधीयुक्त जाणं आणि ओटीपोटात दुखणं 'बायकांचं असतंच' म्हणून अंगावर काढलं जातं. लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग वर चढला, तर गर्भनलिका कायमच्या बंद होऊ शकतात. उपचार दोघांनीही घ्यावे लागतात, नाहीतर संसर्ग पुन्हा येतो. दुसरं मोठं कारण म्हणजे जननेंद्रियांचा क्षयरोग. यात खोकला असेलच असं नाही. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाचे उपचार मोफत आहेत, पण उशीर झाला तर नलिकांचं नुकसान भरून येत नाही.

वय, झोप आणि ताण

स्त्रीची प्रजननक्षमता तिशीनंतर हळूहळू आणि पस्तिशीनंतर वेगाने उतरते. स्पर्धा परीक्षा आणि नोकरीत गुंतलेल्या मुलींना ही माहिती मिळायला हवी. तिचा अर्थ शिक्षण सोडून लवकर लग्न करा असा अजिबात नाही. अठराच्या आत लादलेलं बाळंतपण आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं असतं. माहिती असेल तर निर्णय तिचा राहतो. अपुरी झोप, रात्रपाळी आणि तीव्र ताण यांनीही पाळी बिघडू शकते. पण 'टेन्शन घेतेस म्हणून मूल होत नाही' हा तिच्यावरचा आणखी एक आरोप होऊ नये.

जीवनशैली कोण ठरवतं?

जीवनशैली हा शब्द ऐकला की सगळं आपल्या मर्जीवर आहे असं वाटतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं उदाहरण घ्या. उचल घेतलेली असते, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. फडात ना संडास, ना पाणी, ना पाळीच्या दिवसांत विसावा. २०१९ मध्ये राज्य सरकारने केलेल्या पाहणीत तिथल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. अनेकींचं वय चाळिशीच्या आतलं होतं. या बाईला 'आराम कर, फळं खा' सांगून काय उपयोग? म्हणून कामाच्या जागी संडास, पाळीची रजा आणि जवळचा सरकारी दवाखाना या मागण्याही प्रजनन आरोग्याच्याच मागण्या आहेत.

आपण काय करू शकतो?

वर्षभरात गर्भ राहिला नाही, किंवा बाईचं वय ३५ च्या पुढे असेल आणि सहा महिने झाले, तर दोघांनी एकत्र डॉक्टरांकडे जावं. पाळी फार अनियमित असेल तर थांबूच नये. थायरॉईड, सोनोग्राफी आणि वीर्य तपासणी या पहिल्या पायऱ्या. टेस्ट ट्यूब बेबीसाठी जायची वेळ आली, तर ते केंद्र २०२१ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे विचारूनच पैसे भरा. विहारात महिला मंडळासोबत आरोग्य शिबिर घ्याल, तेव्हा तरुण मुलांनाही बोलवा. हा विषय त्यांचाही आहे.

आणि उपचार करूनही मूल झालं नाही, तर? सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांना स्वतःचं मूल नव्हतं. जोतीरावांनी दुसरं लग्न केलं नाही. काशीबाई या विधवेच्या मुलाला, यशवंतला, दोघांनी दत्तक घेतलं आणि डॉक्टर केलं. त्यांची जयंती साजरी करणाऱ्या घरात सुनेला 'वांझ' म्हटलं जात असेल, तर तो शब्द तिथेच थांबवणं हे आपलं काम आहे.