देविकाराणी : उमेदवारी परदेशची, कारखाना मालाडचा

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने एका नटीवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. नटी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रूप येते, वस्त्रे येतात, फार तर गाणी येतात. तिच्या पाठीमागचा कारखाना येत नाही. परंतु चित्रपट हा कारखान्यातच तयार होतो. तेथे सुतार असतो, रंगारी असतो, वीजतंत्री असतो, शिंपी असतो, आणि पाळी संपली की त्यांनाही घरी जाण्याची घाई असते. देविकाराणी या बाईंनी हा कारखाना आतून पाहिला, तेथे उमेदवारी केली, आणि पुढे तो चालविलाही. म्हणून आज मी त्यांची गोष्ट एका कारागिराची गोष्ट म्हणून सांगणार आहे.

प्रथम त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेऊ. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, तेथे चित्रपटाची विद्या पाहून आले आणि १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. परंतु तारामतीचे काम करावयास त्यांना स्त्री मिळाली नाही. ते काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी उभ्या राहिल्या, तेव्हा कोठे पडद्यावर बाईचे काम बाईने केले. १९३२ साली 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गाबाई खोटे आल्या, तेव्हा प्रतिष्ठित घरातील स्त्री चित्रपटात गेली म्हणून केवढा गवगवा झाला! अशा काळात एक मुलगी परदेशात या विद्येचे रीतसर शिक्षण घेत होती.

देविकाराणी चौधुरी यांचा जन्म ३० मार्च १९०८ रोजी वाल्टेर येथे, म्हणजे आजच्या विशाखापट्टणममध्ये, झाला. वडील लष्करी हुद्द्याचे मोठे डॉक्टर. घराणे रवींद्रनाथ ठाकुरांच्या नात्यातले. वयाच्या नवव्या वर्षी मुलीला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. येथे मी एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण ती लपविणे बरे नव्हे. ही संधी पैशाची होती. त्याच काळात आपल्याकडे कोळ्या-आगऱ्यांच्या घरची नऊ वर्षांची पोर मिठागरावर नाही तर भाताच्या खाचरात राबत होती, आणि तिच्यात गुण किती होते हे कोणी विचारले नाही. परंतु संधी मिळाली म्हणजे विद्या मिळाली, असे होत नाही. मिळालेल्या संधीचे बाईंनी काय केले, ते पाहा.

लंडनला त्यांनी नाट्यशिक्षणाच्या राजमान्य अकादमीत अभिनयाचे आणि संगीताच्या अकादमीत संगीताचे शिक्षण घेतले. तेवढ्यावर न थांबता वास्तुरचना आणि कापडावरील नक्षीकाम यांचाही अभ्यास केला, आणि नक्षीकामात नोकरीही केली. १९२८ साली त्यांची गाठ हिमांशु राय यांच्याशी पडली. राय हे कायदा शिकावयास गेलेले आणि चित्रपटात रमलेले गृहस्थ. जर्मन कंपनीच्या भागीदारीत त्यांनी 'लाइट ऑफ एशिया' आणि 'शिराझ' ही मूकचित्रे काढली होती. तिसरे चित्र 'अ थ्रो ऑफ डाइस' १९२९ साली आले. त्यात देविकाराणी पडद्यावर नव्हत्या. पडद्यामागे वेशभूषा आणि सजावटीचे काम पाहत होत्या. नायिका होण्याच्या आधी त्या कारागीर झाल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला आणि ती बर्लिनला गेली. तेथील उफा हा त्या वेळी युरोपातला अत्यंत नामांकित स्टुडिओ होता. प्रकाश कसा टाकावा, चेहऱ्यास रंग कसा लावावा, ध्वनी कसा घ्यावा, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

यानंतर 'कर्मा' हे बोलपट आले, इंग्रजी आणि हिंदी अशा दोन भाषांत. मे १९३३ मध्ये लंडनला त्याचे पहिले प्रदर्शन झाले. तेथील वृत्तपत्रांनी देविकाराणींच्या इंग्रजी उच्चारांची आणि रूपाची तोंडभर स्तुती केली. आंतरराष्ट्रीय यश म्हणतात ते हेच. पण तेच चित्र हिंदीत मुंबईस लागले तेव्हा पडले! परदेशात वाखाणलेली वस्तू घरच्या माणसाला परकी वाटली. आमच्या कारखान्यांतही असे घडते. बाहेरून सुंदर यंत्र येते, परंतु आपल्या मालाला आणि आपल्या हवेला ते मानवत नाही. तेव्हा यंत्राला शिव्या देऊन भागत नाही. ते आपल्या कामाला जुळवून घ्यावे लागते.

दरम्यान जर्मनीत हिटलरचे राज्य आले. राय दांपत्य मायदेशी परतले आणि १९३४ साली मालाडला 'बॉम्बे टॉकीज' उभी राहिली. ही भांडवलदारी पद्धतीची मर्यादित कंपनी होती. तिच्या संचालकांत शहरातले मोठे धनिक होते. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रकार योसेफ विर्शिंग हे जर्मनीहून आले. परंतु राय यांनी एक दूरदृष्टीची गोष्ट केली. या परदेशी कसबी लोकांच्या हाताखाली शिकलेसवरलेले भारतीय तरुण उमेदवार म्हणून ठेवले. नट असो वा तंत्रज्ञ, महिन्याच्या पगारावर काम.

पहिलेच चित्र 'जवानी की हवा' (१९३५). त्याला संगीत देणाऱ्या खुर्शीद होमजी या पारशी बाई. समाजाचा विरोध एवढा, की त्यांना सरस्वतीदेवी हे नाव घ्यावे लागले. पुढल्या वर्षी प्रयोगशाळेत फिल्म धुण्याचे काम करणारा एक तरुण मनात नसताना नायक म्हणून उभा करण्यात आला, तोच अशोककुमार.

१९३६ साली या दोघांचे 'अछूत कन्या' आले. रेल्वे फाटकावरील चौकीदाराची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांची ती कथा. कथा निरंजन पाल यांची. लंडनच्या अकादमीत शिकलेली बाई खेडुताचे लुगडे नेसून उभी राहिली, आणि ज्या प्रेक्षकाने 'कर्मा' नाकारला त्यानेच हे चित्र डोक्यावर घेतले. आपल्या जिल्ह्यातील महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालीच झाला होता. तेव्हा प्रश्न नवा नव्हता. चित्राच्या अखेरीस कस्तुरी गाडी थांबविण्याच्या प्रयत्नात प्राण देते. अन्याय सोसणाऱ्यालाच मरावयास लावून समाजाची सुटका करणे, हा त्यातला कच्चेपणा मला खटकतो. ज्यांचे दुःख त्यांचा तेथे आवाज नव्हता, हेही खरे. तरीपण हजारो लोकांनी पैसे देऊन अंधारात बसून अस्पृश्य मुलीसाठी डोळे पुसले, ही लहान गोष्ट नव्हे.

त्याच वर्षी पुण्याच्या प्रभातने 'संत तुकाराम' काढला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातले कलावंत कोणत्याही परदेशी शाळेत गेले नव्हते. तेव्हा परदेशी शिक्षण हा एकच मार्ग आहे, असा अर्थ कोणी काढू नये. शिक्षण मात्र कोठे ना कोठे घ्यावेच लागते. प्रभातच्या मंडळींनी ते कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घेतले.

१९३९ साली महायुद्ध पेटले आणि जर्मन म्हणून ऑस्टेन, विर्शिंग यांना सरकारने स्थानबद्ध केले. कंपनीचे मुख्य कारागीर एका दिवसात गेले. उमेदवारीची खरी परीक्षा येथे होते. काम थांबले नाही. हाताखाली शिकलेल्यांनी ते उचलले. १९४० साली हिमांशु राय वारले आणि कारखान्याची धुरा देविकाराणींवर आली. पडद्यावर तोवर आपल्या लीला चिटणीस 'कंगन'मधून (१९३९) आणि स्नेहप्रभा प्रधान 'पुनर्मिलन'मधून (१९४०) पुढे आल्या होत्या. १९४३ चा 'किस्मत' कलकत्त्याच्या एका चित्रगृहात तीन वर्षांहून अधिक चालला. पण त्याच सुमारास मतभेद विकोपास जाऊन शशधर मुखर्जी, अशोककुमार आदी मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी गोरेगावला 'फिल्मिस्तान' काढले. बाईंनी युसुफ खान या नवख्या तरुणाला दरमहा १,२५० रुपयांवर घेतले; दिलीपकुमार हे नाव त्याला तेथेच मिळाले. १९४५ साली मात्र त्यांनी आपले भाग विकले, चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी विवाह केला आणि चित्रपटाला कायमचा राम राम ठोकला.

आता जी गोष्ट चरित्रांत एका ओळीत उरकतात, ती मी सांगतो. मालक बदलत गेले, कंपनी कर्जात बुडाली आणि कामगारांचे पगार तटले. तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून स्वतःच एक चित्र उभे केले, 'बादबान' (१९५४). दिग्दर्शक फणी मजुमदार. अशोककुमार, देव आनंद, मीनाकुमारी आणि आपल्या उषा किरण त्यात उतरल्या. बादबान म्हणजे शीड. त्या शिडाने बुडते गलबत काही वाचले नाही. आज मालाड पश्चिमेला त्या जागी लहान लहान गाळे आहेत, आणि नाव तेवढे बॉम्बे टॉकीजचे राहिले आहे.

देविकाराणींना १९५८ साली पद्मश्री मिळाली. १९६९ च्या वर्षासाठी पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांनाच देण्यात आला. ज्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही त्या फाळक्यांच्या नावाचा पहिला मान एका स्त्रीला मिळाला, हा न्यायच म्हणावयाचा. ९ मार्च १९९४ रोजी त्या बंगळूर येथे निवर्तल्या.

हे सारे मी का सांगितले? मी सातवीनंतर कारखान्यात शिरलो. पहिल्या कारखान्यात मला तीन वर्षे 'शिकाऊ' म्हणून ठेवले आणि झाडूखेरीज काही हाती दिले नाही. जे शिकलो ते एका म्हाताऱ्या फिटरने जेवणाच्या सुट्टीत शिकविले म्हणून. आज तळोज्याच्या कारखान्यांत आपल्या रोडपालीची पोरे, आणि आता पोरीही, शिकाऊ म्हणून जातात. त्यांच्याकडून काम घेतात, पण त्यांना काम शिकवितात का, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. बाईंना बर्लिनला जावे लागले. त्यांच्या मालाडच्या उमेदवारांना जावे लागले नाही, कारण बर्लिनची विद्या मालाडला आणून वाटली गेली. कीर्ती एकटीची असते. विद्या मात्र वाटल्याने पुढे चालते, आणि शिकविणारा गेल्यावरही काम थांबू देत नाही.