धार जाते ती दाढीनंतर

वस्तऱ्याची धार गेली की बोल बहुधा राठ केसांना लावला जातो. माझगावसारख्या दमट वस्तीत मात्र धारेचं खरं नुकसान दोन दाढ्यांच्या मधल्या वेळात होतं. नीट परजलेल्या धारेची कड एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असते. दाढीचा केस तिच्या शंभरपट जाड. माझगाव डॉकमध्ये उभ्या असलेल्या जहाजाच्या पत्र्यावर गंज चढला, तर तो खरवडून वर रंग देता येतो, कारण खाली मिलिमीटरच्या मापातलं पोलाद शिल्लक असतं. धारेखाली शिल्लक असं काही नसतंच. तपकिरी ठिपका डोळ्यांना दिसतो तोवर धार केव्हाच खाल्लेली असते.

याचं खापर खाऱ्या हवेवर फोडणं सोपं आहे. पण माझगावचा किनारा बंदराच्या आतला आहे. भाऊच्या धक्क्यावर मरीन ड्राइव्हसारखे लाटांचे तुषार उडत नाहीत. शिवाय पात्यावर मीठ यायला समुद्र लागत नाही, गालावरचा घाम पुरतो. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुतेक वेळ 80च्या वरच असते. म्हणजे वरवर पुसलेलं पातं कपाटात पडल्या पडल्या पुन्हा ओलं होतं, तेही खाऱ्या पाण्यानं. तुरटी फिरवलेल्या ओल्या बोटांनी वस्तरा मिटला तर आणखी भर, कारण तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. म्हणून तेलाची बाटली शोधण्याआधी पातं धुणं आणि कोरडं करणं महत्त्वाचं. साबण, केस, मीठ कोमट पाण्यानं पूर्ण जाऊ द्यावं. मग मऊ सुती कापड पाठीकडून धारेकडे ओढावं, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. पाणी दडून बसतं ते मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये आणि खिळ्यापाशी. तिथे कापडाची चिंधी ओवून आरपार ओढली की ते निघतं. नंतर कोरड्या चामडी पट्ट्यावर पाच-सहा हात, थोडा वेळ वस्तरा न्हाणीघराबाहेर उघडा, आणि मग शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पुसट हात. ओल्या पात्यावर तेल लावलं तर पाणी त्याखाली अडकून राहतं.

यावर कोणी म्हणेल, पूर्वी न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा कुठे गंजायचा? फरक वापराचा आहे. तो वस्तरा दिवसभर चालायचा, दर गिऱ्हाइकाआधी पट्ट्यावर किंवा तळहातावर परजला जायचा. ओल धरायला त्याला सवडच नव्हती. घरचा वस्तरा आठवड्यातून एकदा बाहेर येतो, आणि उरलेले दिवस चामडी पाकिटात राहिला तर बिघडतोच, कारण चामडं ओल धरतं. स्टेनलेस घेतला की काळजी मिटली, हेही अर्धंच खरं. त्यातल्या क्रोमियममुळे गंज उशिरा येतो; पण मिठातलं क्लोराइड त्या संरक्षक थरालाही बारीक भोकं पाडतं, आणि धारेवर एक भोकही पुष्कळ झालं. सर्वांत वजनदार आक्षेप अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांचा. केसापेक्षा पन्नासपट कठीण पोलादाचेही केस कापताना टवके उडू शकतात, हे त्यांनी 2020 मध्ये दाखवलं. ते मान्यच करावं लागतं. पण ती झीज दाढी करण्याची किंमत आहे, ती टळत नाही. गंजाची झीज पूर्णपणे टाळता येते, आणि ती टाळली नाही तर पट्ट्यानं काम भागत नाही. पातं दगडावर न्यावं लागतं आणि दर वेळी थोडं पोलाद कायमचं जातं.

हे सारं एकाच माणसाच्या स्वतःच्या वस्तऱ्यासाठी आहे. न्हाव्यांच्या दुकानांमध्ये आता अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा आला, ते योग्यच झालं. हेपेटायटिस ब चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो आणि धुण्या-पुसण्यानं तो गेल्याची खात्री देता येत नाही. घरीही एकाचा वस्तरा दुसऱ्यानं वापरू नये. जंतूंच्या धास्तीनं ब्लीचच्या पाण्यात मात्र तो बुडवू नये, त्यातलं क्लोरीन पोलाद खातं. स्पिरिटचा बोळा फिरवावा. स्पिरिट उडून जाताना उरलीसुरली ओलही नेतं.