पद्मिनीचा आवाज नेमका कुठून?

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी गाडीत इंजिनची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून मागच्या चाकांकडे जाते. गिअर टाकून क्लच सोडताना ‘खट्’ झालं, तर आधी शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस हलवून पाहा. शाफ्ट उतरवण्यापूर्वी फ्लँजवर खूण करा. परत बसवताना जोडणी फिरली तर गाडी थरथरू लागते. न्यूट्रलमधली घरघर क्लच दाबताच थांबली, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. वळणावर कमी-जास्त होणारी घूं-घूं बहुधा चाकाच्या बेअरिंगची. ॲक्सिलरेटर दाबता-सोडता सूर बदलणारी शीळ मात्र डिफरन्शियलची. तिथे पहिल्यांदा ऑइलची पातळी तपासा. डिफरन्शियलमधले क्राऊन-पिनियन हे गिअर बदलायचेच झाले, तर जोडीनेच. एकटा पिनियन बदलून पैसे वाचवणं मला मुळीच पटत नाही, कारण दोघांचे दाते एकमेकांवर घासूनच जुळवलेले असतात.