सोनोग्राफीत ‘पाणी कमी’ आलंय? आकड्यापेक्षा कारण महत्त्वाचं

“बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय.” नवव्या महिन्यात हे ऐकलं की घरात धावपळ सुरू होते. कुणी नारळपाणी आणतं, कुणी थेट सिझेरियनची तयारी करतं. पण रिपोर्टवरचा आकडा नेमका काय सांगतो?

गर्भजल दोन पद्धतींनी मोजतात. पोटाचे चार भाग करून प्रत्येकातल्या पाण्याच्या खोलीची बेरीज केली की येतो तो एएफआय. तो ५ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर पाणी कमी मानतात. दुसऱ्या पद्धतीत फक्त सर्वात खोल कप्पा मोजतात, तिथे मर्यादा २ सेंटिमीटर. एएफआयने मोजलं की ‘पाणी कमी’ असं निदान जास्त जणींचं होतं आणि कळा आणण्याची औषधंही जास्त दिली जातात. बाळांच्या तब्येतीत मात्र त्याने सुधारणा होत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून कोणत्या पद्धतीने मोजलं, हे जरूर विचारा.

हे पाणी येतं कुठून? पाचव्या महिन्यानंतर ते मुख्यतः बाळाची लघवी असते! बाळ तेच गिळतं, पुन्हा लघवी करतं. साधारण ३४ ते ३६ आठवड्यांना पाणी सर्वात जास्त असतं, पुढे ते आपोआप थोडं कमी होतं.

काळजीचं कारण वेगळं. वारेतून रक्त कमी पोहोचू लागलं की बाळ ते मेंदू आणि हृदयाकडे वळवतं. किडनीला रक्त कमी मिळतं, लघवी कमी होते आणि पाणी घटतं. आईचं बीपी वाढलेलं असताना हे होऊ शकतं. अशा वेळी कमी पाणी हा आजार नसून इशारा असतो. म्हणूनच डॉक्टर बाळाची वाढ, डॉप्लर आणि हृदयाचे ठोके तपासतात. तारीख उलटून जाणं, पाणी गळणं, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या ही आणखी काही कारणं. या गोळ्या मनाने घेऊ नका.

भरपूर पाणी प्यायल्याने काही जणींचं गर्भजल वाढतं, हे खरं. नारळपाण्यात वेगळी जादू नाही. वारेचं काम मंदावलं असेल किंवा पिशवी फुटली असेल, तर मात्र पिण्याने ते दुरुस्त होत नाही.

आणि बाळाचं काय? पाणी शेवटच्या आठवड्यांत कमी झालं आणि बाकी तपासण्या चांगल्या असतील, तर बहुतेक बाळं ठणठणीत जन्मतात. फुप्फुसांच्या वाढीला मोठा धोका असतो तो पाणी फार आधी, पाचव्या-सहाव्या महिन्यात आटलं तर. शेवटी भीती असते नाळ दाबली जाण्याची, म्हणून कळांच्या वेळी ठोक्यांवर लक्ष ठेवतात. वाढ खुंटलेल्या बाळाची जन्मानंतर साखर तपासतात, त्याला ऊब आणि लवकर दूध देतात.

सदतिसाव्या आठवड्याच्या आसपास डॉक्टरांनी प्रसूतीचा सल्ला दिला, तर ‘कशासाठी?’ हे मोकळेपणाने विचारा. कळा आणून नॉर्मल प्रसूती अनेकदा शक्य असते. मात्र बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा, रात्र असली तरी.