नेदरच्या द्वारांचे गणित

घनाकार ठोकळ्यांचे जे जग स्वीडनमधील मार्कस पर्सन यांनी २००९ साली माइनक्राफ्ट या नावाने लोकांपुढे ठेवले, त्या जगातून नेदर नावाच्या दुसऱ्या जगात नेणारे पहिले पोर्टल २०१० च्या ऑक्टोबर महिन्यात खेळात दाखल झाले. आणि तोवर एकाच पातळीवर विस्तारत गेलेल्या त्या मुलुखाला त्या दिवसापासून एक निराळीच भूमिती प्राप्त झाली. पुढे एंड नावाचा तिसरा लोक आला, तेथे नेणारी द्वारे आली, आणि त्या लोकाच्या अंतर्भागातच इकडून तिकडे फेकणारी आणखी लहान द्वारेही आली. या सर्वांची विभागणी बहुधा चौकटीच्या रंगावरून व घडणीवरून केली जाते. ती सोयीची आहे, परंतु शास्त्राच्या दृष्टीने अपुरी आहे. इकडच्या बिंदूचा तिकडच्या बिंदूशी कोणत्या नियमाने संबंध जोडला जातो, यावरूनच द्वाराची जात ठरवावी, असे मला वाटते.

नेदरचे द्वार खेळाडू स्वहस्ते उभारतो. लाव्ह्याच्या उगमावर पाणी पडले की ऑब्सिडियन हा काळा, कठीण दगड तयार होतो. तो खणायला निदान हिऱ्याची कुदळ लागते. त्याची निदान चार ठोकळे रुंद व पाच ठोकळे उंच अशी चौकट करावी, कोपरे गाळले तर दहा दगडांत काम भागते, आणि आत अग्नी लावावा, म्हणजे जांभळा पडदा सळसळू लागतो. त्यात चार सेकंद उभे राहिले की माणूस नेदरमध्ये पोहोचतो.

आता या द्वारामुळे वाट कमी होते, असे जे सर्वत्र मानले जाते, ते नीट तपासून घेण्यासारखे आहे. आत गेलेला माणूस लगेच मागे फिरला, तर सहसा तो होता तेथेच परत येतो. म्हणजे द्वाराने स्वतः एका पावलाचीही बचत केलेली नसते. बचत होते ती नेदरच्या मोजमापात. तेथील आडवा एक ठोकळा मूळ जगातील आठ ठोकळ्यांच्या बरोबरीचा धरला जातो, आणि म्हणून तेथे शंभर ठोकळे चालून दुसऱ्या द्वाराने वर आलेला माणूस आठशे ठोकळे दूर निघतो. तलाठ्याच्या दफ्तरातील गावनकाशा जमिनीवर अंथरून त्यावरूनच चालत जाता आले असते, तर शिवार ओलांडायला जितका वेळ लागला असता, तितकाच येथे लागतो. उंचीला मात्र हे प्रमाण लागू नाही. ती आहे तशीच राहते.

खरी गुंतागुंत आहे ती यापुढे. एका द्वाराची दुसऱ्याशी जोडी लावून ती कोठे नोंदून ठेवावी, असा शिरस्ता या खेळात नाहीच. प्रत्येक प्रवासाच्या वेळी नवा शोध घेतला जातो. जावा आवृत्तीत नेदरकडे जाताना हिशेबाने निघालेल्या स्थानाच्या चहूकडे १६ ठोकळ्यांच्या टापूत, आणि परत येताना १२८ ठोकळ्यांच्या टापूत, उंचीसकट सर्वांत जवळचे द्वार पाहिले जाते. ते मिळाले नाही तरच नवे निर्माण होते. समजा, एकाच पूर्व-पश्चिम रेषेवर आणि एकाच उंचीवर एकाचे द्वार ८०० या अंकावर आहे, आणि त्याला जोडलेले नेदरमधील द्वार १०० वर आहे. त्याचा शेजारी ८९६ वर आपले द्वार उभारून आत शिरतो. त्याचे गणित ११२ येते. परंतु अवघ्या १२ ठोकळ्यांवर पहिल्याचे द्वार असल्यामुळे नवे द्वार निघत नाही, तो तेथेच बाहेर पडतो. परतताना १०० ला आठाने गुणले जाते, ८०० येतात, आणि आपल्या अंगणात परतण्याची अपेक्षा धरून निघालेला हा गृहस्थ शेजाऱ्याच्या घरात उभा राहतो! ‘अ’ कडून ‘ब’ कडे वाट आहे, म्हणून ‘ब’ कडून ‘अ’ कडे असेलच असे नाही. गणिती ज्याला सममित नसलेला संबंध म्हणतात, तो शाळकरी मुलांना येथे फळ्यावाचून उमगतो, आणि या खेळाचे मोठे मोल मी त्यातच मानतो. उपाय सोपा आहे: एफ-३ ची कळ दाबून कोऑर्डिनेट पाहावेत, आणि नेदरमध्ये ११२ वर स्वतःच्या हाताने वेगळे द्वार बांधावे.

एकट्याच्या जगात ही खासगी अडचण ठरते. अनेकांच्या सर्व्हरवर ती सार्वजनिक बाब होते. कोणी परक्याने न सांगता नेदरमध्ये मधेच एक चौकट पेटविली, की दुसऱ्या दिवसापासून भलत्याच कोणाची वाट बदललेली असते, आणि त्याचे कारण त्याला आपल्या द्वारापाशी कितीही शोधले तरी सापडत नाही, कारण ते तेथे नसतेच. म्हणूनच जाणत्या सर्व्हरांवर द्वारांच्या स्थानांची यादी ठेवतात, मध्यभागी नेदर हब बांधून तेथून चहूकडे रस्ते काढतात. डिसेंबर २०१० मध्ये सुरू झालेल्या टूबीटूटी या कायदेकानू नसलेल्या सर्व्हरवरदेखील मुख्य अक्षांवरून गेलेले असे लांबच लांब राजमार्ग आहेत. जगाची हद्द मध्यापासून सुमारे ३ कोटी ठोकळ्यांवर. नेदरच्या वाटेने ती साडेसदतीस लाखांवर येते.

एंडचे द्वार या नियमात बसत नाही. ते बांधता येत नाही, शोधावे लागते. भूगर्भात लपलेल्या १२८ दुर्गांपैकी एखाद्यात बारा कोंदणांची चौकट असते. आय ऑफ एंडर नावाचा डोळा हवेत फेकला की तो सर्वांत जवळच्या दुर्गाच्या दिशेने उडतो. दोन निरनिराळ्या जागांवरून फेकून त्या दिशारेषा जेथे छेदतात ती जागा काढणे, हीच भूमापकाची जुनी रीत. आत शिरल्यावर मात्र दुर्ग कोणताही असो, उतरायचा ऑब्सिडियनचा चौथरा एकच. एंडमध्ये राहणारा ड्रॅगन मेल्यावर जे परतीचे द्वार उघडते, त्याची तऱ्हा त्याहून विलक्षण आहे: दोघे मित्र त्यात एकाच क्षणी उतरले, तरी प्रत्येकजण आपापल्या बिछान्यापाशी निघतो. येथे गंतव्य ठरते ते प्रवाशावरून. द्वाराची जागा कोणती, याला महत्त्वच उरत नाही.

राहिली ती २०१६ साली आलेली गेटवे नावाची लहान द्वारे. एंडच्या मध्यबेटाभोवतीच्या वर्तुळावर ती उगवतात, आणि एंडर पर्ल नावाचा मणी आत फेकणाऱ्याला सुमारे हजार ठोकळे दूरच्या बाह्य बेटांवर पोहोचवतात. परतीसाठी तेथे एक जोडीदार द्वार असते, ते त्याला पुन्हा पहिल्या गेटवेच्या जवळपास आणून सोडते. आइनस्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ साली समीकरणांतून ज्या सेतूची कल्पना मांडली, आणि जो पार करता यावा यासाठी त्याचा गळा ऋण ऊर्जेच्या द्रव्याने उघडा ठेवावा लागेल असे मॉरिस व थॉर्न यांनी १९८८ साली दाखवले, त्या कृमिविवराशी खरे साम्य आहे ते या गेटवेचे, कारण एकाच अवकाशातील दूरचे दोन बिंदू ते थेट जोडते. नेदरच्या जांभळ्या पडद्याला लोक ही उपमा देतात, ती चुकीची आहे. ड्रॅगनच्या प्रत्येक मृत्यूबरोबर असे एक गेटवे सर्व्हरवरील सर्वांसाठी खुले होते, आणि विसावे उघडल्यानंतर तो कितीही वेळा मारला गेला तरी एकविसावे उघडत नाही.